केस कुणाचे, कौल कुणाचा?

दिवाळी आठ दिवसांवर आली की साताऱ्यात पोवई नाक्यापासून राजवाड्यापर्यंत आणि सांगलीत गणपती पेठेपासून विश्रामबागेपर्यंत सलूनमधली एकही खुर्ची रिकामी राहत नाही. पुण्या-मुंबईहून गावी आलेली पोरं, भरतीची तयारी करणारी पोरं, कॉलेजची पोरं बाकावर नंबर लावून बसतात. मोबाइलवर एखाद्या क्रिकेटपटूचा नाहीतर नटाचा फोटो आधीच काढून ठेवलेला असतो. पार्लरमध्ये मायलेकी जोडीनं येतात. लेकीला लेयर कट आणि बरगंडी रंग हवा असतो. आईला कानशिलावरचे पांढरे झाकायचे असतात, पण कुणाच्या लक्षात येणार नाही असे. खुर्चीत बसल्यावरचं पहिलं वाक्य मात्र बहुतेकांचं एकच : ‘अस्सं करून द्या.’

चांगला कारागीर लगेच कात्री उचलत नाही. तो फोटो बघतो, मग आरशातला चेहरा बघतो, केसांतून बोटं फिरवतो आणि दोन-चार प्रश्न विचारतो. रोज तेल लावता का? गाडी चालवता का? यापूर्वी काळा डाय केला होता का? फोटोतल्या माणसाचा केस वेगळ्या जातीचा असतो, चेहरा वेगळा असतो आणि त्याच्या केसांवर ड्रायर फिरवायला माणूस ठेवलेला असतो. आपल्याला मात्र उद्या सकाळी स्वतःच विंचरून, हेल्मेट चढवून कामावर जायचं असतं.

नवं रूप शोभायचं तर दोन गोष्टी जुळाव्या लागतात. एक, केस, चेहरा, पाणी आणि काम यांची नीट पारख. दुसरी, ज्याच्या डोक्यावर केस आहेत त्याचीच निवड. पहिली गोष्ट कारागिराकडून शिकता येते. दुसरीसाठी मात्र याच मुलखातल्या माणसांनी दीडशे वर्षं झगडा दिला आहे. म्हणून हा लेख दोन्हींविषयी आहे.

रंगमंचावरून घराघरात

कृष्णाकाठचं नागठाणे हे बालगंधर्वांचं गाव. सांगलीत १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी ‘सीतास्वयंवर’ रंगवलं तेव्हापासून मराठी नाटकात बायकांच्या भूमिका पुरुष करत आले होते. पण नारायण श्रीपाद राजहंस, म्हणजेच बालगंधर्व, या नटानं त्या भूमिकांना असं काही रूप दिलं की प्रेक्षागृहातल्या बायका घरी जाऊन त्याची नक्कल करू लागल्या. ‘मानापमान’मधली भामिनी १९११ सालची, ‘स्वयंवर’मधली रुक्मिणी १९१६ सालची, ‘एकच प्याला’मधली सिंधू १९१९ सालची. लुगडं नेसण्याची ढब, अंबाड्याची घडण, गजरा माळण्याची तऱ्हा, हे सगळं रंगमंचावरून माजघरात पोचलं. पण भामिनी श्रीमंताघरची मानी मुलगी आणि सिंधू नवऱ्याच्या दारूपायी दैन्याला लागलेली. दोघींचं रूप सारखं असून चाललं नसतं. आधी बाई कोण हे ओळखायचं आणि मग तिला सजवायचं, हा धडा आजच्या प्रत्येक पार्लरच्या भिंतीवर लावावा असा आहे.

पुढं हे काम सिनेमानं केलं. साधना या नटीचं कपाळ रुंद होतं. ‘लव्ह इन सिमला’ (१९६०) या चित्रपटासाठी दिग्दर्शक आर. के. नय्यर यांनी ऑड्री हेपबर्नच्या धर्तीवर तिच्या कपाळावर आखूड बटा आणल्या आणि देशभर ‘साधना कट’ची लाट आली. तिचं कपाळ रुंद म्हणून तो कट तिला खुलला. अरुंद कपाळाच्या, बसक्या चेहऱ्याच्या कितीतरी मुलींनीही तो करून घेतला आणि त्यांचा चेहरा आणखी लहान दिसू लागला. दोष कटचा नव्हता. तो दुसरीच्या चेहऱ्यासाठी बेतलेला होता.

याच सांगलीनं मंगेशकरांचं बिऱ्हाड पाहिलं. लता मंगेशकरांच्या दोन लांब वेण्या जन्मभर त्यांची ओळख राहिल्या. आशा भोसले यांनी अंबाडा आणि त्यावरची फुलं आपलीशी केली. एकाच घरातल्या दोन बहिणींनी दोन वाटा धरल्या आणि दोघीही आपापल्या रूपात कायम ओळखू आल्या.

आमच्या खेड्यांत फॅशन यायची ती एसटीनं. जावळी-पाटणचे माथाडी कामगार मुंबईहून आणि विटा-आटपाडीचे गलाई व्यावसायिक देशभरातून गावच्या जत्रेला परतायचे, तेव्हा त्यांच्या डोक्यावर पहिल्यांदा कान झाकणारे अमिताभ कट दिसायचे. २००३ नंतर ‘तेरे नाम’चा मधला भांग आला. २०१७ ते २०१९ या काळात साताऱ्याच्या फौजीची गोष्ट सांगणारी ‘लागिरं झालं जी’ मालिका घराघरात पोचली. पण मिलिटरी कटला या जिल्ह्यात मालिकेची गरज कधीच नव्हती. अपशिंगे मिलिटरीसारखी गावं आणि १९६१ पासूनचं सैनिक स्कूल इथंच आहे. बारीक केस इथं पिढ्यान्‌पिढ्या अभिमानानं मिरवले जातात.

चेहरा, भोवरा आणि केसांची जात

चेहरा ओळखायला खर्च लागत नाही. केस मागं ओढून बांधावेत आणि उजेडात आरशासमोर उभं राहावं. लांबी-रुंदी जवळपास सारखी आणि हनुवटी गोल असेल तर चेहरा गोल. अशा चेहऱ्याला टाळूवर थोडी उंची, बाजूचा भांग आणि हनुवटीच्या खाली उतरणारी लांबी शोभते. गालाशी संपणारा कट चेहरा आणखी रुंद दाखवतो. लांबट चेहऱ्याला याच्या उलट करावं : कपाळावर बटा आणि कानांच्या बाजूला भरीवपणा. जबडा चौकोनी असेल तर कडा मऊ करणारे लेयर बरे. कपाळ रुंद आणि हनुवटी निमुळती असेल तर हनुवटीपाशी भरणारे केस तोल सांभाळतात. पुरुषांनाही हेच लागू आहे. गोल चेहऱ्याच्या मुलानं बाजू बारीक करून वर उंची ठेवावी. लांब चेहऱ्याच्या मुलानं तीच उंची ठेवली तर चेहरा आणखी ताणल्यासारखा दिसतो. हनुवटी लहान असेल तर नीट कोरलेली दाढी पुष्कळ काम करते.

पण चेहऱ्याचा हिशोब निम्माच. उरलेला निम्मा केसांचा असतो. पातळ, सरळ केसांना फार लेयर दिले की शेंडे विरळ दिसतात. त्यांना खाली एका रेषेत कापलेला कट दाट भासवतो. दाट, जड केसांना लेयर दिले की वजन उतरतं. कुरळे केस ओले असताना लांब दिसतात आणि वाळले की वर चढतात, त्यामुळे जाणता कारागीर त्यांना बोटभर जास्तच ठेवतो. डोक्यामागचा भोवरा तर हमखास विसरला जातो. तिथले केस फार आखूड कापले की उभे राहतात. दोन भोवरे असलेल्या मुलाला झिरो मशीन फिरवायचं की वर लांबी ठेवायची, हे कारागिराच्या बोटांना आधी कळतं.

केस महिन्याला साधारण एक ते सव्वा सेंटिमीटर वाढतात. कमरेपर्यंतची वेणी एका दुपारी खांद्यावर आणली आणि पस्तावलात, तर परत तिथं पोचायला तीन वर्षं तरी लागतात. म्हणून मोठा बदल दोन टप्प्यांत करावा. आधी खांद्याच्या खाली थांबावं, महिनाभर राहून बघावं, मग पुढं जावं. मुलांचा फेड कट दोन-तीन आठवड्यांत भरून येतो आणि त्याची धार जाते. तितक्या वेळा सलूनला जायला वेळ आणि पैसा आहे का, हेही आधीच बघावं.

रंगाची किमया आणि रंगाची जोखीम

कट चुकला तर केस वाढतात. रंग चुकला तर कातडीला सोसावं लागतं. म्हणून इथं थोडं जास्त थांबायला हवं.

१८५६ साली लंडनमध्ये विल्यम पर्किन हा अठरा वर्षांचा मुलगा कोळशाच्या डांबरातून निघणाऱ्या द्रव्यांपासून क्विनीन बनवायला गेला आणि त्याच्या हाती जांभळा रंग लागला. त्यातून कृत्रिम रंगांचा उद्योग उभा राहिला. त्याच रसायनशास्त्राच्या वाटेवर पुढं केसांच्या रंगात आजही सर्वांत जास्त वापरलं जाणारं द्रव्य आलं, पॅरा-फेनिलीनडायमाइन, म्हणजे पीपीडी. पॅरिसमध्ये युजेन श्युएलर यांनी १९०७ च्या सुमारास केसांचे रंग विकायला सुरुवात केली आणि त्यातून लॉरिआल कंपनी झाली.

पक्का रंग बसतो तो असा. अमोनिया केसाच्या वरच्या थराची खवली उघडतो, रंगाचे बारीक रेणू आत शिरतात, हायड्रोजन पेरॉक्साइड त्यांची जोडणी करून मोठे रेणू बनवतो आणि ते आत अडकून राहतात. मेंदीचं काम निराळं. तिच्यातलं लॉसोन हे द्रव्य केसाच्या प्रथिनाला बाहेरून धरतं. म्हणून मेंदी पांढऱ्या केसावर नारिंगी दिसते आणि काळ्या केसावर फक्त उन्हात लालसर झाक देते. मेंदीनंतर नीळ लावली तर काळसर रंग येतो. बाजारातल्या ‘काळ्या मेंदी’च्या पुड्यांमध्ये मात्र अनेकदा पीपीडीच असतं. पुडीवरची बारीक अक्षरं वाचल्याशिवाय ती नैसर्गिक समजू नये.

पीपीडीची ॲलर्जी होते, आणि एकदा झाली की सहसा जन्माची सोबत करते. कपाळ आणि कान खाजणं, पापण्या सुजणं, पाणी भरलेले फोड येणं ही तिची लक्षणं. जत्रेत हातावर काळ्या मेंदीचं गोंदण काढून घेतल्यावर ज्यांना फोड आले होते, त्यांनी केसांच्या रंगापासून विशेष जपावं. उपाय साधा आहे : कानामागं किंवा कोपराच्या आतल्या बाजूला रंगाचा ठिपका लावायचा आणि ४८ तास वाट बघायची. दिवाळीच्या गर्दीत ही चाचणी हमखास टाळली जाते. नेहमीच्या ब्रँडचीही चाचणी करावी, कारण वर्षानुवर्षं चाललेला रंगही एखाद्या दिवशी उलटतो.

रंगाची छटा निवडताना आपल्याकडे एक घरगुती कसोटी आहे. कुठल्या साडीत लोक तुम्हाला ‘आज छान दिसतेस’ म्हणतात ते आठवा. डाळिंबी, मोहरी, तांबूस रंगांत चेहरा उजळत असेल, सोन्याचा दागिना खुलत असेल, तर सोनेरी तपकिरी, तांबूस आणि चॉकलेटी छटा जुळतील. मोरपंखी, जांभळा, करडा रंग आणि चांदी खुलत असेल तर बरगंडी किंवा थंड तपकिरी छटा बघावी. पहिल्यांदा रंगवणाऱ्यानं मूळ रंगाच्या एक-दोन पायऱ्यांच्या आतच राहावं. मुळांशी केस वाढले तरी ते विजोड दिसत नाहीत.

फिकट रंगाची हौस असेल तर एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवावी. आपला काळा केस उजळताना आधी लाल, मग नारिंगी, मग पिवळा होतो. मोबाइलमधली राखाडी छटा या सगळ्या पायऱ्या ओलांडल्यावरच येते आणि तोवर केसाची ताकद बरीच खर्ची पडलेली असते. शिवाय रंगानं रंग उजळत नाही. वर्षानुवर्षं काळा डाय केलेल्या केसावर तपकिरी ट्यूब लावून काहीच होत नाही, आणि हा इतिहास लपवला तर कारागिराचा अंदाज चुकतो. पांढरे केस वाढू लागलेल्यांनी ठार काळा रंग सोडून गडद तपकिरी घ्यावा. वयाबरोबर चेहरा मऊ होत जातो आणि कोळशासारखा काळा त्याच्यावर कठोर दिसतो. काही बटाच उजळून पांढऱ्यांना त्यांत मिसळून टाकलं तर दर महिन्याची धावपळही वाचते. आणि पांढरे तसेच ठेवायचे असतील तर तीही पूर्ण, सुंदर निवड आहे.

सरळ केसांसाठी केल्या जाणाऱ्या ‘केराटिन’ उपचारांबद्दल सावध राहावं. काही द्रावणांतून फॉर्माल्डिहाइड वायू सुटतो आणि तो माणसात कर्करोग घडवतो असं जागतिक पातळीवर मान्य झालं आहे. त्याला पर्याय म्हणून आलेल्या ग्लायऑक्सिलिक ॲसिडच्या क्रीमनंतर मूत्रपिंडाला अचानक इजा झाल्याच्या नोंदी वैद्यकीय नियतकालिकांत आहेत. ग्राहक वर्षातून एकदा हे करतो. पार्लरमधली मुलगी त्याच हवेत रोज उभी असते. खिडकी उघडी आणि हातमोजे चढवलेले असावेत, हा आग्रह ग्राहकानं तिच्यासाठीही धरावा.

पाणी बदललं की केस बदलतात

महाबळेश्वर-पाटणचा ओला डोंगर आणि माण-खटाव-आटपाडी-जतचा कोरडा माळ यांत एका दिवसात जाऊन येता येतं, पण केसांसाठी हे दोन वेगळे देश आहेत. पश्चिमेच्या दमट पावसात सरळ केलेले केस फुगतात, तेव्हा तिथं मूळच्या लहरी जपणारा कट शहाणपणाचा. पूर्वेला बोअरचं पाणी क्षारांचं. त्यातलं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम केसावर बसतं, केस राठ होतो, रंग लवकर मंदावतो. तिथं शेवटचं धुणं साठवलेल्या पावसाच्या नाहीतर फिल्टरच्या पाण्यानं करावं. मगभर पाण्यात थोडं लिंबू पिळून शेवटी केसांवर ओतलं तरी फरक जाणवतो. शिकेकाईचं पाणीही सौम्य आंबट असतं, आणि आजीच्या न्हाणीतल्या त्या मळकट पाण्यानं केस का मऊ राहायचे त्याचं हे एक कारण. उसाच्या रानात, बांधकामावर, उन्हात राबणाऱ्या बाईच्या रंगलेल्या केसांना पदराची सावली हवी. ऊन रंग उडवतं.

वस्तरा खाली ठेवणारे हात

आता दुसरी गोष्ट : निवड कुणाची?

ज्या १८५६ साली पर्किनला जांभळा रंग सापडला, त्याच वर्षीच्या जुलैत विधवाविवाहाचा कायदा झाला आणि त्याच महिन्यात कराडजवळच्या टेंभू गावी गोपाळ गणेश आगरकरांचा जन्म झाला. त्या काळी ब्राह्मण आणि काही इतर वरच्या जातींत नवरा गेला की बाईचं डोकं भादरलं जाई. बारा-चौदा वर्षांच्या मुलीही त्यातून सुटत नसत. तिनं कुणाच्या नजरेत भरू नये, हाच त्यामागचा हेतू होता. १८८८ मध्ये ‘सुधारक’ काढल्यावर आगरकरांनी या चालीवर कडाडून लिहिलं. याच आगरकरांनी ‘स्त्रियांनी जाकिटे घातलीच पाहिजेत’ असा निबंध लिहिला होता. बाईच्या पेहरावाचा आणि केसांचा प्रश्न त्यांना क्षुल्लक वाटला नाही, कारण तो तिच्या माणूसपणाचा प्रश्न होता.

खंडाळा तालुक्यातल्या नायगावच्या सावित्रीबाईंनी आणि जोतीराव फुल्यांनी उभ्या केलेल्या सत्यशोधक चळवळीनं या चालीवर वेगळ्या बाजूनं घाव घातला. या चळवळीतल्या नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकारानं १८९० मध्ये मुंबईत नाभिक बांधव एकत्र आले आणि विधवांच्या डोक्यावर वस्तरा चालवणार नाही असं त्यांनी ठरवलं. शास्त्रार्थ करणारे पंडित वाद घालत राहिले. ज्यांच्या हातात वस्तरा होता त्यांनी तो खाली ठेवला. पोट ज्या कामावर, त्याच कामाला नकार देणं किती अवघड असतं हे बलुत्यावर जगलेल्या माणसालाच कळेल. सलूनच्या खुर्चीचा हा वारसा आहे, आणि तो या व्यवसायातल्या प्रत्येक तरुणानं अभिमानानं सांगावा.

विसाव्या शतकात डोक्यावरचं दुसरं ओझं उतरवण्याचं काम साताऱ्यातूनच सुरू झालं. डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी १९८९ मध्ये महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समिती स्थापन केली. केसांची निगा राहिली नाही, गुंता सुटला नाही की जट होते. पण सौंदत्तीच्या यल्लमाचा प्रभाव असलेल्या जत-मिरजेच्या सीमाभागात ते देवीचं बोलावणं मानलं जाई आणि त्यापायी मुली देवाला सोडल्या जात. जट काढली तर घरावर कोप होईल, ही भीती. समितीचे कार्यकर्ते घरी जातात, सासू-नवऱ्याशी बोलतात, पुन्हा पुन्हा जातात आणि बाईनं स्वतः हो म्हटल्यावरच कात्री लावतात. वर्षानुवर्षं जड जटेमुळं मान दुखणारी, कुशीवर झोपता न येणारी बाई मोकळ्या डोक्यानं आरशात बघते. या दोन जिल्ह्यांतला सर्वांत मोठा ‘न्यू लूक’ तोच आहे. दाभोलकरांचा २०१३ च्या ऑगस्टमध्ये पुण्यात खून झाला. काम थांबलेलं नाही.

२०२२ च्या मे महिन्यात सांगलीच्या शेजारच्या शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीनं विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि राज्य सरकारनं तो इतर गावांपुढं आदर्श म्हणून ठेवला. ठराव कागदावर होतो. गजरा मात्र त्या बाईनं माळावा लागतो आणि शेजारणीनं तो कौतुकानं बघावा लागतो.

आजच्या घरात

वस्तरा गेला, पण परवानगी मागण्याची सवय राहिली. केस कापण्याआधी सासूला, रंगवण्याआधी नवऱ्याला, बॉयकट करण्याआधी सगळ्या भावकीला विचारणाऱ्या मुली आजही आहेत. कुस्तीच्या आखाड्यात आणि कबड्डीच्या मैदानात उतरणाऱ्या मुलींना आखूड केसांवरून टोमणे ऐकावे लागतात. याच सांगलीत मार्च २०२३ मध्ये पहिली महिला महाराष्ट्र केसरी स्पर्धा झाली आणि सांगलीच्याच प्रतीक्षा बागडीनं गदा उचलली. त्या मातीत मुलीच्या केसांची लांबी मोजत बसणं शोभत नाही. मुलांच्या वाट्यालाही हे येतं. खांद्यापर्यंत केस वाढवणारा पोरगा वाया गेला असं समजणारी घरं आहेत.

कधी केसांचा निर्णय आजारच घेतो. मिरजेला कर्करोगाच्या उपचारांसाठी दोन्ही जिल्ह्यांतून आणि कर्नाटकातून रुग्ण येतात. केमोथेरपीच्या अनेक औषधांत पहिल्या डोसनंतर दोन-तीन आठवड्यांत केस गळू लागतात. अशा वेळी आधीच केस बारीक करून घेतले तर उशीवर झुबके बघण्याचं दुःख कमी होतं. कुणी विग घेतं, कुणी रुमाल बांधतं, कुणी तसंच राहतं. तिघांनाही तोच मान मिळाला पाहिजे. उपचार संपल्यावर येणारे नवे केस कधी कुरळे, कधी वेगळ्या पोताचे असतात. त्यांना रंग लावण्याआधी डॉक्टरांना विचारावं आणि तोवर त्या आखूड केसांना नीट आकार देणारा समजूतदार कारागीर शोधावा.

या दिवाळीत खुर्चीत बसाल तेव्हा फोटो जरूर दाखवा, पण सोबत आपली सकाळ, आपलं पाणी, आपलं काम आणि केसांचा खरा इतिहासही सांगा. रंग करायचा असेल तर दोन दिवस आधी जा आणि चाचणी करून घ्या. कारागीर ‘हे तुम्हाला शोभणार नाही’ म्हणाला तर ऐकून घ्या, कारण विचारा, आणि मग स्वतः ठरवा. घरी वाट बघणाऱ्यांसाठी एवढंच : बाई किंवा पोरगा नवं रूप घेऊन दारात आला की ‘कुणाला विचारून केलंस?’ हा प्रश्न ओठावर येऊ देऊ नका. आधी तिला, त्याला डोळे भरून बघा. आवडलं तर मोकळेपणानं सांगा. नसेल आवडलं तर केस वाढतात, पण त्या क्षणी मोडलेला हुरूप तितक्या सहज वाढत नाही.